यंत्रात जीव कुणी घातला?

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं, की दिगंबर जैन बस्तीत तत्त्वार्थसूत्राचं वाचन होतं. अध्याय दहा, दिवस दहा. दूधगंगेकाठचं सदलगा हे आचार्य विद्यासागर महाराजांचं जन्मगाव. तिथल्या आणि चिक्कोडी, निपाणी, शिरोळ भागातल्या जैन घरांत हा क्रम पोराटोरांच्याही कानावर पडलेला असतो. दुसऱ्या दिवशीचा अध्याय लक्ष देऊन ऐकला, तर त्यात शरीराचे पाच प्रकार येतात. तुमचं-आमचं हाडामांसाचं ते औदारिक. त्यानंतर वैक्रियिक, आणि तिसरं आहारक. विज्ञानकथा वाचणाऱ्याने कान टवकारावेत ते या तिसऱ्यापाशी.

टीकाकार त्याचं वर्णन असं करतात. एखाद्या ज्ञानी मुनीला तत्त्वाविषयी सूक्ष्म शंका पडते. तिचं निरसन करू शकणारे केवली, म्हणजे सर्वज्ञ, फार दूर असतात. तेव्हा मुनीच्या मस्तकातून हातभर उंचीचं, पांढरंशुभ्र शरीर बाहेर पडतं. त्याला ना डोंगर आड येतो, ना भिंत. शंका फिटली की ते अंतर्मुहूर्तात, म्हणजे दोन घटकांच्या आत, परत येऊन मूळ देहात मिसळतं. या सगळ्या वेळात मुनी जागचा हललेला नसतो. त्याच्या आत्म्याचे दोन तुकडेही होत नाहीत. आत्म्याचे प्रदेश मूळ देहापासून त्या छोट्या देहापर्यंत पसरतात आणि पुन्हा आवरले जातात. आत्मा मिळेल त्या जागेत दिव्याच्या उजेडासारखा पसरतो किंवा आकसतो, हा दृष्टान्त सूत्रातच आहे.

मुनीच्या त्या दुसऱ्या देहात यंत्र मात्र कुठेच नाही. माणसाचं मन यंत्रात भरायचं आणि ते यंत्र हाच पुढे तो माणूस समजायचा, या कल्पनेचा उगम शोधताना बहुतेक अभ्यासक अमेरिकेतल्या १९३० च्या आसपासच्या स्वस्त मासिकांपाशी थांबतात. ते निम्मंच खरं आहे. त्या मासिकांनी जुळणी केली. सुटे भाग त्याच्या कितीतरी आधी घडलेले होते, आणि त्यातले तीन महत्त्वाचे भाग एकाच पुस्तकात सापडतात. ते पुस्तक आपली मुळं पैठणला सांगतं.

पुस्तक म्हणजे सोमदेवाचा कथासरित्सागर. सोमदेव अकराव्या शतकातला काश्मिरी, पण त्याने आपल्या कथा गुणाढ्याच्या बृहत्कथेतून घेतल्या. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या सातवाहन राजाचा मंत्री, अशी परंपरा. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावर त्याने दुसऱ्या पंडिताशी पैज लावली, ती हरला, भाषा सोडून रानात गेला आणि पैशाची भाषेत सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारल्यावर रागाने सहा लाख जाळले. उरलेल्या लाखातून पुढचं सगळं आलं, असं सोमदेव सांगतो. हा आकडा अर्थातच कथेतला आहे. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही.

या कथासरित्सागरात राज्यधर नावाचा एक सुतार आहे. त्याने आणि त्याच्या भावाने यांत्रिक कला शिकलेली. भाऊ यंत्राचे हंस दोरीवर सोडून राजाच्या खजिन्यातली रत्नं चोचीने उचलून आणवतो. चोरी उघडकीला येण्याची चिन्हं दिसताच दोघे आपापल्या उडत्या यंत्रात बसून पळ काढतात. राज्यधर एका ओसाड नगरात उतरतो आणि एकटेपणा घालवायला ते नगर लाकडी माणसांनी भरतो. बाजारात व्यापारी, रस्त्यावर नागरिक, दारात पहारेकरी. सगळे चालतात, हात हलवतात, पण कुणाला वाचा नाही. हुबेहूब माणूस, आत मात्र कुणी नाही. त्याच शतकातल्या राजा भोजाच्या समरांगणसूत्रधार ग्रंथातही यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे, त्यात दारावर पहारा देणाऱ्या यांत्रिक पुतळ्यांचा विचार आहे. म्हणजे यंत्रमाणसाची कल्पना नुसत्या कथेपुरती नव्हती, कारागिरीच्या चर्चेतही होती.

दुसरा भाग इंद्रदत्ताच्या गोष्टीत. तीन मित्रांना गुरुदक्षिणेसाठी कोटभर सुवर्णमुद्रा हव्या असतात. ते नंद राजाकडे जातात तर राजा नुकताच मेलेला. इंद्रदत्ताला परकायाप्रवेश येत असतो. तो राजाच्या प्रेतात शिरतो, दुसरा मित्र वररुची त्याच्यापुढे याचक म्हणून उभा राहतो, तिसरा व्याडी एका देवळात इंद्रदत्ताचा रिकामा देह राखत बसतो. बेत चोख होता. पण मंत्री शकटाल हुशार. मेलेला राजा उठून बसतो आणि लगेच कोटीचं दान देतो, यात काहीतरी काळंबेरं आहे हे तो ओळखतो. राजपुत्र लहान आहे, राज्य शत्रूंनी वेढलेलं आहे, तेव्हा राजा कसाही असो, तो टिकला पाहिजे. शकटाल हुकूम सोडतो: राज्यातलं प्रत्येक प्रेत शोधून जाळा. व्याडीच्या हातून देह हिसकावला जातो. इंद्रदत्त जन्मभर नंदाच्या देहात अडकतो आणि योगनंद म्हणून ओळखला जातो. इतकी व्यवहारी परकायाप्रवेशकथा दुसरी मिळणं कठीण. त्यात चमत्कार एक ओळीचा आहे आणि बाकी सगळं राजकारण.

तिसरा भाग वेताळाच्या एका गोष्टीत आहे; वेताळपंचविशीच्या गोष्टीही कथासरित्सागरात समाविष्ट आहेत. नवरा आणि भाऊ दोघे देवीपुढे आपली मुंडकी उतरवतात. देवी प्रसन्न होते, पण गोंधळलेली बायको धडांवर डोकी बसवताना अदलाबदल करते. आता तिचा नवरा कोणता? वेताळाच्या या प्रश्नाला विक्रम राजाचं उत्तर ठाम आहे: डोकं ज्याचं, माणूस तो. गिरीश कार्नाडांनी १९७१ च्या हयवदन या कन्नड नाटकात याच उत्तराला आव्हान दिलं. तिथे डोकं धडाला हळूहळू आपल्यासारखं करून घेतं, पण धडाच्या आठवणी पुरत्या जात नाहीत. मराठी रंगभूमीलाही ते नाटक परकं राहिलं नाही.

हुबेहूब यंत्रदेह, देह बदलणारं मन, आणि माणूसपण डोक्यात असतं हा निवाडा. तिन्ही गोष्टी एका ग्रंथात, काही प्रकरणांच्या अंतरावर. तरी राज्यधराच्या लाकडी माणसात इंद्रदत्त शिरत नाही. का शिरत नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याआधी मराठी मुलखातला एक अपवाद पाहायला हवा, कारण तिथे ही जुळणी जवळजवळ झालीच होती. धुंडीसुत मालू याच्या नवनाथ भक्तिसार या ग्रंथाचं पारायण श्रावणात घरोघर होतं, सीमाभागातही होतं. त्यात गोरक्षनाथ संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला असताना गावातली पोरं चिखलाची गाडी करून खेळतात. त्यांना गाडी जमते, गाडीवान जमत नाही. ती गोरक्षाच्या मागे लागतात. तो ओठांवर मंत्र तसाच चालू ठेवून चिखलाचा माणूस घडवतो. मंत्राच्या जोराने मातीत हाड, मांस, रक्त तयार होतं आणि त्या तयार देहात करभाजन नारायण संचार करतो. पुतळा रडू लागतो. पोरं भूत भूत म्हणून पळतात. मच्छिंद्रनाथ ते मूल एका ब्राह्मण जोडप्याच्या ओटीत घालतात. हा गहिनीनाथ.

माणसाच्या हातांनी घडवलेला देह, आणि त्यात आधीपासून अस्तित्वात असलेलं, स्वतःची ओळख असलेलं चैतन्य येऊन राहणं. जगभरातल्या जुन्या कथांत मातीचे पुतळे पुष्कळ सजीव झाले, पण प्रागच्या ज्यू दंतकथेतला गोलेमही मुका आणि मनाविना. गहिनीनाथ गुरू होतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव जी परंपरा सांगतात, तिच्यात गोरक्षानंतर गहिनी आणि गहिनीनंतर निवृत्ती. अर्थात ज्ञानेश्वरी शके १२१२ ची आणि मालूचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातला. मधल्या पाच शतकांत लोककथेने बरीच भर घातलेली असणार. ते मान्य करूनही मराठी कल्पनाशक्तीने आपल्या सर्वांत मोठ्या कवीच्या आजेगुरूला हातघडणीच्या देहात बसवलं, ही साधी गोष्ट नाही.

याच ग्रंथात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृतदेहात शिरून बारा वर्षं राज्य करतात. त्यांचा मूळ देह शिवमंदिरात लपवलेला. राणी रेवतीला सुगावा लागतो आणि हा परत जाऊ नये म्हणून ती त्या देहाचे तुकडे करवते. शकटालाने जाळलं, रेवतीने कापलं. शंकराचार्य अमरूक राजाच्या मृतदेहात शिरतात त्या कथेतही ते परततात तेव्हा शिष्यांनी राखलेला देह चितेवर चढवलेला असतो. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींत भीती एकच: मागे ठेवलेल्या देहाचं काय होईल?

जुन्या कथांना यंत्र का लागलं नाही, याचं उत्तर या भीतीतच आहे. जीव एकच असतो. तो इथून निघाला की इथे नसतो. हलवणारी शक्ती मंत्रात किंवा योगात आहे, त्यामुळे नवा देह कशाचा आहे याला महत्त्व नाही. आयतं प्रेत मिळत असताना लाकूड तासत कोण बसेल? निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक, म्हणजे भविष्यकथन, होते, तेव्हा नाथ माणसाच्याच मुखाने बोलतो. अंगात येण्यासाठी अंग लागतं आणि ते गावात हजर असतं. हेमचंद्राचार्यांनी तर बाराव्या शतकात योगशास्त्रात परकायाप्रवेशाची रीत सांगून झाल्यावर, हा नुसता आश्चर्याचा प्रकार आहे, मोक्षाच्या कामाचा नाही, असं सांगून तो विषय बाजूला सारला.

यंत्राची गरज पडली ती मंत्रावरचा भरवसा उडाल्यावर. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी मन मेंदूत असतं हे पक्कं केलं आणि मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: मेंदूला रक्त पुरवत राहिलं तर बाकी देह कशाला हवा? १९२८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ सर्गेई ब्रुखोनेंको यांनी धडावेगळं केलेलं कुत्र्याचं डोकं यंत्राने रक्त पुरवून काही काळ जिवंत ठेवलं. ते डोकं प्रकाशाला, स्पर्शाला प्रतिसाद देत होतं. बातमी जगभर गेली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जे. डी. बर्नाल यांनी एका छोट्या पुस्तकात भविष्यातला माणूस नळकांड्यात ठेवलेला मेंदू असेल आणि त्याला हवी ती यांत्रिक इंद्रियं जोडता येतील असं लिहिलं. बर्नाल पेशाने स्फटिकशास्त्रज्ञ. ते हे सगळं गंभीरपणे मांडत होते.

आणि जुलै १९३१ च्या अमेझिंग स्टोरीज मासिकात नील आर. जोन्स यांची जेमसन सॅटेलाइट ही कथा आली. प्रोफेसर जेमसनला आपला मृतदेह कायमचा टिकावा अशी इच्छा असते, म्हणून तो अग्निबाणातून अवकाशात सोडला जातो. चार कोटी वर्षांनी, मानवजात संपून गेल्यावर, झोर ग्रहावरचे प्रवासी तो शोधून काढतात. हे झोरवासी पूर्वी हाडामांसाचे होते. त्यांनी आपापले मेंदू धातूच्या देहात बसवून घेतलेत. ते जेमसनचाही मेंदू जागा करून तशाच देहात ठेवतात. तो देह म्हणजे चौकोनी पेटी, खाली चार पाय, बाजूंना सहा लवचीक हात, वर शंकूच्या आकाराचं डोकं आणि त्याच्याभोवती डोळे. जेमसनला नाव मिळतं २१एमएम३९२. पृथ्वीवर आता कुणीच उरलेलं नाही हे कळल्यावर तो हादरतो, पण शेवटी झोरवासीयांबरोबर निघून जातो.

साहित्य म्हणून कथा सामान्य आहे. तिचा परिणाम मात्र सामान्य नाही. आयझॅक आसिमोव्ह यांनी पोरवयात ती वाचली होती, आणि आपल्या यंत्रमानवांच्या मुळाशी हे झोरवासी असल्याचं त्यांनी स्वतः मान्य केलं. रॉबर्ट एटिंगर या दुसऱ्या पोराने तीच कथा वाचून विचार केला, की यासाठी चार कोटी वर्षं कशाला थांबायचं? पुढे त्यांनी प्रेतं गोठवून ठेवण्याची चळवळ उभी केली. २०११ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचा देहही मिशिगनमधल्या त्यांच्याच संस्थेत गोठवून ठेवण्यात आला. मागे ठेवलेल्या देहाच्या त्या जुन्या भीतीवर त्यांनी द्रवरूप नायट्रोजनचा उतारा शोधला, असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्या लोखंडी पेट्यांच्या गर्दीत एक कथा वेगळी उठून दिसते. सी. एल. मूर या लेखिकेची नो वुमन बॉर्न, डिसेंबर १९४४. डीअर्ड्री ही जगप्रसिद्ध नर्तकी नाट्यगृहाच्या आगीत जळते; मेंदू तेवढा वाचतो. तिच्यासाठी सोनेरी धातूचा देह घडवला जातो. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत मुखवटा. तिचा जुना व्यवस्थापक भेटायला येतो आणि आधी त्याला खुर्चीत बसलेलं यंत्र दिसतं. मग ती हलते, बोलते. आणि तीच लकब, तोच घोगरा स्वर ओळखून त्याला डीअर्ड्री दिसू लागते. पुन्हा यंत्र दिसतं, पुन्हा ती. मूर त्या खोलीत वाचकाला बराच वेळ बसवून ठेवतात. पुरुष लेखक मेंदू डब्यात घालून मोकळे झाले होते. देह बदलल्यावर माणूस आपली चाल, आपला ठसका कुठून आणतो, हा प्रश्न प्रथम एका बाईने नर्तकीच्या निमित्ताने विचारला. बनवणारा शास्त्रज्ञ तिला नाजूक, अपुरी समजून खचतो. तिला मात्र वेगळीच काळजी आहे, की आपण फार बलवान झालोय आणि हळूहळू माणसांपासून दूर चाललोय.

तरीही १९४४ पर्यंत मेंदू म्हणजे मेंदूच होता, दीड किलोचा मऊ गोळा. खरी उडी त्याच सुमाराच्या दहाएक वर्षांतली. १९४३ मध्ये मॅक्युलक आणि पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याला तर्काच्या गणितात बसवलं. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशाचं मोजमाप कसं करायचं ते दाखवलं. १९५० मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी लिहून टाकलं, की माणूस हा पदार्थ नसून रचना आहे, आणि रचना तत्त्वतः तारेने पाठवता येईल. एकदा हे मान्य केलं की गोळा हलवायची गरजच उरत नाही. रचना उतरवून घेतली की काम झालं.

आणि उतरवून घेतलेली गोष्ट कितीही वेळा उतरवता येते.

फ्रेडरिक पोल यांच्या टनेल अंडर द वर्ल्ड (१९५५) या कथेत हे पहिल्यांदा धारदारपणे येतं. गाय बर्कहार्ट रोज सकाळी १५ जूनलाच जागा होतो. रोज नव्या जाहिराती कानावर आदळतात. एक दिवस त्याला आपल्या तळघराच्या फरशीखाली तांब्याचा पत्रा लागतो. हळूहळू उलगडतं ते असं: गावातल्या कारखान्याचा स्फोट होऊन सगळे मेलेत; एका जाहिरात कंपनीने त्यांच्या मेंदूंचे आराखडे उतरवून छोट्या यंत्रमाणसांत भरलेत, अख्खं गाव टेबलावर मांडलंय आणि मालाचा खप तपासायला रोज तोच दिवस नव्याने चालवला जातो. मन उतरवून यंत्रात भरण्याची कल्पना पूर्णपणे जुळली ती इथे, आणि जुळताक्षणीच ती मुक्तीची नव्हे, वेठबिगारीची गोष्ट झाली. योगनंद अडकला तरी राजा म्हणून अडकला होता.

त्यापुढचा प्रवास वेगाचा आहे. जपानमध्ये १९६३ साली ८ मॅन या चित्रकथेत खून झालेल्या गुप्तहेराचं मन यंत्रमानवात येतं. रॉबोकॉप हा चित्रपट १९८७ चा, आणि तो आपल्याकडे व्हीसीआरच्या काळात गल्लोगल्ली पोचला. १९८२ च्या रूडी रकर यांच्या सॉफ्टवेअर या कादंबरीत म्हाताऱ्या कॉब अँडरसनला त्याने स्वतः घडवलेले चंद्रावरचे यंत्रमानव अमरत्व देऊ करतात. त्यासाठी ते त्याच्या मेंदूचे तुकडे करून त्यातला मजकूर वाचून घेतात. हान्स मोरावेक या यंत्रमानवशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये हीच शस्त्रक्रिया ललित सोडून गंभीर पुस्तकात मांडली. यंत्र शल्यविशारद मेंदूचा थर वाचतो, त्याची गणिती नक्कल चालू करतो, मूळ थर काढून टाकतो, पुढच्या थराकडे वळतो. शेवटी कवटी रिकामी आणि माणूस यंत्रात. इंद्रदत्ताचा देह जाळण्याला मित्राने विरोध तरी केला होता; इथे ते काम प्रक्रियेचाच भाग झालं.

मराठी विज्ञानकथा या वळणावर थोडी उशिरा आणि सावधपणे आली. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि तिथून मराठीत या प्रकाराला प्रतिष्ठा आली. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन संस्कृतीच्या ठेव्यातून यंत्रमानव घडवला जातो. त्याची बुद्धी स्वतःची आहे, कुणा माणसाची उतरवलेली नाही. लक्ष्मण लोंढे यांच्या ‘दुसरा आइन्स्टाईन’ मध्ये मरणाच्या दारातल्या शास्त्रज्ञाचा मेंदू देहाशिवाय जिवंत ठेवण्याचा घाट घातला जातो. म्हणजे कल्पना मेंदूच्या गोळ्यापाशी, पोलच्या अलीकडे थांबते. नवनाथांच्या मराठीत गहिनीनाथासारखी कथा असताना आपल्या लेखकांना ती या कामी आठवू नये, याची जरा चुटपुट वाटते.

प्रत्यक्षात यंत्रात पोचलेला सजीव म्हणजे एक मिलिमीटर लांबीचा कृमी. सी. एलेगन्स या कृमीच्या ३०२ मज्जापेशी आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये ओपनवर्म प्रकल्पातल्या टिमथी बस्बिस यांनी त्या जोडण्या संगणकात मांडून लेगोच्या छोट्या गाडीला जोडल्या. नाकाच्या मज्जापेशींच्या जागी ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा संवेदक, स्नायूंच्या जागी डावी-उजवी चाकं. भिंत जवळ आली की थांब, मागे सर, असा हुकूम कुणी लिहिलेला नव्हता. तरी गाडी भिंतीशी थांबे आणि मागे सरे. तिच्यात कृमीचं मन आलं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. नकाशात कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे एवढं होतं, जोडणीचा जोर किती हे अंदाजाने भरलेलं, आणि कृमी आयुष्यात जे शिकतो त्याचा तर पत्ताच नव्हता.

त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा आला, सुमारे १ लाख ३९ हजार मज्जापेशींचा. त्यासाठी एका मादी माशीच्या मेंदूचे सुमारे सात हजार काप करून एकेकाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घ्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या एका घन मिलिमीटरचा नकाशा प्रसिद्ध झाला. तेवढ्याशा कणात जोडण्या पन्नास कोटींच्या वर निघाल्या. माणसाच्या मेंदूत मज्जापेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत, आणि त्यांच्या नकाशाचं काम अजून वाळूच्या दाण्याएवढ्या तुकड्यांवर चालू आहे.